फरशीवर ये

“हा वासा पडला तर?” असं मी म्हणाले आणि आनंदीबाईंनी माझं मनगट धरलं.

धरलं म्हणजे हळदीकुंकवाला धरतात तसं नाही. रस्ता ओलांडताना मी माझ्या लेकीचं, रेवाचं धरते तसं. चप्पल घालायलाही न देता त्यांनी मला मधल्या खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून दगडी पायऱ्यांवर आणि तिथून थेट फाटकाबाहेर नेलं. फाटकासमोरून गटार जातं, त्यावर एक रुंद दगडी फरशी टाकलेली आहे. त्या फरशीवर मला उभी करून त्यांनी हात सोडला आणि दम घेतला.

“हं. आता बोल. काय पडंल म्हनलीस?”

“वासा,” मी चाचरत म्हणाले. “तो मधला. जरा वाकलेला वाटतो.”

“तो नाय पडायचा. सागाचा हाय. त्याच्या शेजारच्याला वाळवी लागलीय, तो बदलून घ्यावा लागंल. पन हे घरात बोलायचं नाय गं पोरी. वास्तू तथास्तु म्हनती.”

वास्तू तथास्तु म्हणते हे माझी आईही सांगायची. पण आमच्याकडे ते दिवेलागणीपुरतं होतं. दिवा लागला की पाच-दहा मिनिटं भांडायचं नाही, मग पुढे चालू. आनंदीबाईंच्या घरात वास्तूला सुट्टीच नव्हती. त्यामुळे घरातलं सगळं चांगलं घरात बोललं जायचं आणि सगळं वाईट गटारावर. हे त्यांच्या सासूने घालून दिलेलं. सासूला कुणी घालून दिलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

माझ्यासाठी ही बातमी काही बरी नव्हती. मी काळजी करते. काही बायका भरतकाम करतात, मी काळजी करते, आणि ती बोलून दाखवल्याशिवाय माझं समाधान होत नाही. माझा नवरा योगेंद्र खालापूरकडच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. धोके शोधण्याचा पगार त्याला मिळतो, काम मी करते. शेलूला आम्ही पाचव्या मजल्यावर राहायचो. रेवा चालायला लागली, मग चढायला लागली, आणि एक दिवस बाल्कनीच्या ग्रिलमधून डोकं बाहेर काढून खालच्या वॉचमनला हाका मारायला लागली. त्या दिवसापासून मला जमिनीवरचं घर हवं होतं. जिथून खाली पडायला मुळात खालीच काही नाही, असं घर.

ते शोधून देण्याचं काम अक्षयकडे होतं. त्याचं चौकला टायरचं दुकान आहे आणि जोडीला जागांची दलाली. त्याने आम्हाला नाना तऱ्हेचे बंगले दाखवले. एकात विहीर होती, एकाच्या मागे ओढा, एकाच्या अंगणात सापाची कात. मी प्रत्येक ठिकाणी नको म्हणाले. शेवटी कंटाळून तो भिसेगावात घेऊन आला.

काळ्या दगडाची तीन घरं, भिंतीला भिंत लावून उभी. दारांना कमानी, वर कौलं, उंच जोतं. घाटातून रेल्वे नेली त्या काळात कुणा साहेबाने आपल्या माणसांसाठी बांधलेली, असं सांगतात. दोन बाजूच्या घरांनी भिंतींवर गुलाबी आणि पिस्ता रंग चढवले होते. मधलं तेवढं काळं राहिलं होतं. त्याच्या दाराला निळा रंग होता आणि दारात आनंदीबाई उभ्या होत्या.

“मॅडम, हेरिटेज आहे,” अक्षय म्हणाला.

“हेरिटेज म्हंजी जुनं, पन म्हाग,” आनंदीबाई मला म्हणाल्या. “या.”

आणि आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी तो वासा पाडला.

फरशीवरून परत आले तेव्हा योगेंद्र मधल्या खोलीत खाटेशेजारी बसला होता. खाटेवर आनंदीबाईंचे यजमान मालोजीकाका उशांना टेकून होते. शरीर आता काडी झालेलं, पण आवाज इंजिनावरचा. ते रेल्वेत ड्रायव्हर होते, बँकरवर. म्हणजे पुण्याला जाणारी गाडी कर्जतला आली की तिला मागून इंजिन लावून घाट चढवायचा, लोणावळ्याला सोडायचं आणि परत यायचं. आयुष्यभर लोकांना पुण्याकडे ढकललं, स्वतः लोणावळ्याच्या पुढे फारसे गेले नाहीत, असं त्यांनी योगेंद्रला हसत सांगितलं होतं. रेवा त्यांच्या पायथ्याशी बसून त्यांच्या गोधडीचे ठिपके मोजत होती आणि तिला जेवढे आकडे येत होते तेवढेच ठिपके निघत होते.

आतून आनंदीबाईंचा आवाज आला. “साखर वाढलीय हो. चालंल का?”

योगेंद्रचा चेहरा गंभीर झाला. तो काकांकडे वळला आणि त्याने कारखान्यातल्या आवाजात विचारलं, “काका, किती आहे? उपाशीपोटी तपासलीत की जेवल्यावर?”

काकांनी नीट विचार केला. “डबा रिकामा हाय म्हंजे दोनी वेळंला,” ते म्हणाले.

मला हसू आवरेना. योगेंद्र वसाहतीत वाढलेला, त्याच्या घरी साखर सरळ संपायची. या घरात काही संपत नसे. साखर वाढायची, तांदूळ वाढायचे, गॅससुद्धा ऐन स्वयंपाकात वाढायचा. दिवा विझत नसे, शांत होई. बांगडी फुटत नसे, वाढवली जाई. आणि उठून निघालेला माणूस जात तर अजिबात नसे, तो ‘येतो’ म्हणे. आम्ही गुळाचा चहा प्यायलो आणि मग आनंदीबाईंनी घर दाखवलं.

असं घर दाखवणं मी जन्मात पाहिलेलं नाही. तोंडाने त्या म्हणत होत्या, “हितं थंडावा लय चांगला. मे महिन्यात पंखा नको.” आणि बोटांनी मला कौलांमधली एक जागा दाखवत होत्या, मग बोटं हलवत तिथून पाऊस पाडत होत्या, मग त्याच्याखाली दोन्ही हातांनी बादली ठेवत होत्या. मागच्या खोलीत त्यांनी भिंतीवरून हळूच हात फिरवून माझ्या नाकापाशी आणला. ओल. “हितं झोप लय शांत लागती,” त्या म्हणाल्या. न्हाणीघराच्या दाराशी थांबून त्यांनी पाय घसरल्याचा आणि कंबर धरल्याचा असा हुबेहूब अभिनय केला की मी त्यांना सावरायला पुढे झाले. योगेंद्र आपला मागून येत फक्त ऐकत होता आणि मान डोलवत होता.

नंतर फरशीवर त्यांनी उरलेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. उंदीर, नळाची वेळ, गुलाबी घरातल्या माणसाचा रेडिओ. मी कधी कुणाला आपल्याच विकायच्या घराबद्दल इतकं खरं बोलताना ऐकलं नव्हतं.

“मग विकताय का?” मी विचारलं.

त्यांनी घराकडे पाठ केली. “यांच्या छातीत गाठ हाय. मुंबईच्या डॉक्टरनी आता फेऱ्या मारू नका सांगितलं. पायऱ्या उतरवत नायत. पोराचा, मनोजचा, शेलूला फ्लॅट हाय, लिफ्टवाला. तिकडंच चाललो.”

आम्ही जिथून पळत होतो तिथेच त्या निघाल्या होत्या.

“काकांना माहीत आहे?”

“त्यांना म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. त्यांना हेबी म्हाईत हाय की मला म्हाईत हाय. पन घरात कोन बोललं नाय आजवर. मंग घराला कुठनं कळनार? जोवर त्याला कळत नाय तोवर ठीक हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी शेलूच्या ना? कसं हाय तिकडं?”

फरशीवर उभी असल्यामुळे मी खरं सांगितलं. लिफ्ट मधूनच बंद पडते, पाणी टँकरचं, भिंतीतून शेजारच्यांच्या शिंका ऐकू येतात.

“आनि दवाखाना?”

“जवळ आहे. चांगला आहे.”

“मंग झालं.” त्यांनी पदर खोचला. “घर तोडून बिल्डिंग बांधनारे लय येऊन गेले. त्यांना नाय द्यायचं. ज्याला तोंड सांभाळता येईल त्याला देनार. तुजं तोंड सुटतं. पन तू ऐकून घेतीस. बघू.”

त्या दिवशी स्कूटरवर परत येताना योगेंद्र गाणं गुणगुणत होता. एवढं निर्दोष जुनं घर त्याने पाहिलं नव्हतं. भिंती, थंडावा, शांत झोप. मी मागे बसून वाळवी, ओल आणि न्हाणीघर मोजत होते. आम्ही दोघांनी एकाच सकाळी, एकाच पत्त्यावर, दोन वेगळी घरं पाहिली होती. गंमत अशी की घ्यायचं मात्र दोघांनाही होतं. त्याला ते घर आवडलं म्हणून. आणि मला, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सगळे धोके मी विचारायच्या आधीच सांगून टाकले होते. मला काळजी करायला नवं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

मध्ये मुंबईचं एक जोडपं येऊन गेलं. त्यांना तिथे पाहुणे उतरवायचा धंदा काढायचा होता. माणसं गोड होती, घर न तोडता ठेवणार होती, आणि अक्षयचा जीव त्यांच्यात अडकला होता, कारण त्यांनी घासाघीस केली नव्हती. त्यातली बाई मधल्या खोलीत उभी राहिली, कमानीकडे बघून डोळे मिटले आणि खूश होऊन म्हणाली, किती हॉन्टेड फील आहे. आनंदीबाईंनी अक्षयला विचारलं, हाँटेड म्हंजी काय. आणि त्या शहाण्याने, तिथेच, घराच्या मधोमध उभं राहून, खड्या मराठीत सांगितलं, “भुताटकीचं, आजी.”

जोडप्याला चहासुद्धा मिळाला नाही. मग अक्षयने तोंड पाडून मला फोन केला, की मॅडम, आता तुम्हीच.

मी तोंड सांभाळायची प्रॅक्टिस सुरू केली. शेलूच्या फ्लॅटमध्ये रेवा सोफ्यावरून उडी मारायला निघाली की ‘पडशील’ असं म्हणायच्या ऐवजी ‘उभी राहशील’ असं म्हणायला लागले. योगेंद्रला वाटलं मी ध्यानाच्या वर्गाला जाते.

पुढे दोनतीनदा जाणं झालं. मी घरात निमूट राहिले आणि फरशीवर मन मोकळं केलं. आनंदीबाईंची कळी हळूहळू खुलत होती. मालोजीकाका मला म्हणाले, “आमच्या घरात आजवर वंगाळ कायच झालं नाय बग. जे झालं ते समदं फरशीवर.” असं म्हणून ते खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, “मस्त वाटतंय आज.” कर्जाची कागदपत्रं लागली. आता फक्त बँकेकडून घराची किंमत ठरवायला माणूस येऊन जायचा राहिला होता.

तो आला तेव्हा मी आधीच फरशीवर उभी होते. त्याला तिथेच गाठून मी समजावलं, की कृपा करून आत काही वाईट बोलू नका. तो समजूतदारपणे म्हणाला, मॅडम, मी बोलतच नाही, मी फक्त मापं घेतो. आणि खरंच, त्याने गपचूप फीत लावली, भिंती ठोकल्या, फोटो काढले. आनंदीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. मला वाटलं, जिंकलो. मग तो मधल्या खोलीत, काकांच्या उशाशी उभा राहिला, मोबाइल तोंडासमोर धरला आणि बातम्या द्याव्यात तशा आवाजात आपला अहवाल त्यात बोलायला लागला.

“स्ट्रक्चर, लोड बेअरिंग स्टोन. एज, मोअर दॅन हंड्रेड. रेसिड्युअल लाइफ, निल.”

उरलेलं आयुष्य, शून्य.

ट्रेमधल्या कपांचा आवाज झाला. “काय म्हनाला?” आनंदीबाईंनी मला विचारलं.

“भिंती दगडी आहेत म्हणाले.”

“आनि?”

“वय सांगितलं घराचं.”

“आनि शेवटचं? निल का काय?”

माझं डोकं कधी नव्हे एवढं वेगाने चाललं. “निळं,” मी म्हणाले. “दाराचा रंग लिहून घेतात ते.”

त्या माणसाने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा बशीत ओतून घेतला. काका छताकडे बघत होते. रेल्वेत सगळी नोकरी साहेबांच्या हाताखाली काढलेला माणूस. त्यांना कळलं होतं का, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

माणूस निघाला. त्याला सोडायला आम्ही दोघी बाहेर आलो आणि तो गाडीला किक मारत असताना मी सवयीने फरशीवर थांबले. तिथेच माझी पंचाईत झाली. घरात खोटं बोललेलं चालतं, ते एक प्रकारे रीतीला धरूनच असतं. पण या फरशीवर त्या बाईने मला कधी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. आणि आता सही दोन पावलांवर होती. गप्प बसले असते तर घर माझंच होतं.

“काकी,” मी म्हणाले, “निळं नव्हतं ते.”

आणि सांगितलं. बँकेचा ठोकळेबाज नियम असतो, इतक्या जुन्या बांधकामाला कागदावर तसं लिहितात, त्याला अर्थ नसतो, हेही सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, “यांच्या उशाशी उभा राहून बोलला.”

“इंग्रजीत बोलला ना पण. घराला कुठे इंग्रजी कळतं?”

त्यांनी घराकडे बघितलं. कमानीकडे, त्या घडीव काळ्या दगडांकडे.

“सायबाच्या वक्ताचं घर हाय पोरी,” त्या म्हणाल्या. “त्याला इंग्रजीच आदी आली असंल.”

संध्याकाळी अक्षयचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता. “मॅडम, आजी नाय म्हणतात. म्हणतात व्यवहार आता नको, घर कुठं हलवायचं नाय, यांनाबी हलवायचं नाय. त्यांचं म्हणणं, घर इंग्रजी शिकलेलं आहे. मी याच्यावर काय बोलू सांगा. धंद्यात असं कधी आलंच नाय माझ्या.”

माझ्या डोळ्यांसमोर पाचवा मजला, ग्रिल आणि त्यातलं डोकं. आणि त्याच्या मागून आनंदीबाईंचा चेहरा, कपांच्या आवाजाच्या वेळचा. त्यांना घराची किंमत कमी होण्याचं काही नव्हतं. त्या घाबरल्या होत्या ते घराने ऐकलं म्हणून, आणि खाट तिथेच होती म्हणून.

योगेंद्रला सांगितलं तर तो हसला नाही. हा त्याचा गुण आहे. तो जेवता जेवता म्हणाला, “आमच्याकडे चुकून आगीचा भोंगा वाजला, तर लोकांना समजावत बसत नाही. त्याच माइकवरून, त्याच भाषेत, पुन्हा जाहीर करायचं. आधीची सूचना रद्द समजावी.”

मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केलं आहे. त्याचा आजवरचा उपयोग म्हणजे बिस्किटाच्या पुड्याच्या मागे काय काय घातलंय ते वाचून घाबरणं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाला घेऊन मी भिसेगावात गेले. आनंदीबाईंनी दार उघडलं पण बाजूला झाल्या नाहीत. मी त्यांना फरशीवर बोलावलं आणि काय करणार आहे ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“नीट येती का तुला? का अक्षयसारखी?”

“पहिला वर्ग होता काकी.”

“चल मंग.”

मधल्या खोलीत मी बरोबर त्या माणसाच्या जागी उभी राहिले. काका उशांना टेकून बघत होते. आनंदीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, पूजेला बसल्यासारखा. रेवाने माझं बोट धरलं. कॉलेजात स्नेहसंमेलनाला सूत्रसंचालन केलं होतं तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते. मी वर, वाकलेल्या वाशाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले,

“प्लीज इग्नोर द प्रीव्हियस अनाउन्समेंट.”

काकांच्या मिशीचा कोपरा हलला.

“धिस हाऊस इज स्ट्राँग,” मी म्हणाले. सुरुवात झाल्यावर जमायला लागलं. “इट विल लिव्ह लाँग. एव्हरीबडी इन इट विल लिव्ह लाँग.” मग काही सुचेना, म्हणून थोडं थांबून म्हणाले, “थँक यू.”

बाजूच्या गुलाबी घरातला रेडिओ तेवढा ऐकू येत होता.

“ते लाँग लाइफ मला म्हनलीस का घराला?” काकांनी विचारलं.

“दोघांना, काका.”

त्यांनी उशीवरून हात उचलला, कपाळापर्यंत नेला आणि गार्डाला द्यावा तसा मला सलाम केला. “थँक्यू मॅडम,” ते म्हणाले. मग डोळे मिटून घेतले.

आनंदीबाई कधी उठून गेल्या ते मला कळलंच नाही. स्वयंपाकघरातून डब्याच्या झाकणाचा आवाज आला.

“साखर हाय आज,” त्या आतून म्हणाल्या. “चहा टाकते.”

अशा रीतीने आम्हाला घर मिळालं.

निघण्याच्या दिवशी मनोजने काकांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या उतरवल्या. काका वरून सूचना देत होते, सिग्नल मिळाल्याशिवाय हलू नका. टेंपोत सामान गेलं. आनंदीबाईंनी घर झाडून घेतलं, चुलीशेजारच्या फळीवर साखरेचा डबा काठोकाठ भरून ठेवला, आणि निळ्या दाराच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, “येते.” घराला म्हणाल्या का मला, ते मी विचारलं नाही. फाटकाबाहेर आल्यावर त्या फरशीवर क्षणभर थांबल्या, काहीतरी सांगायचं असल्यासारख्या. मग काही न सांगताच टेंपोत बसल्या.

आम्ही वाळवीचा वासा बदलला, न्हाणीघराला खरखरीत लाद्या लावल्या, बादल्या सांगितलेल्या जागी ठेवल्या. रेवा दिवसभर ओसरीवर असते. पहिल्याच आठवड्यात ती पायऱ्यांवरून पडली आणि गुडघा फोडून घेतला. जमिनीवरच्या घरातही खाली पडायला जागा असते, हे तेव्हा समजलं. पण मी घरात काही बोलले नाही. गुडघ्याला हळद लावली आणि फरशीवर जाऊन काय ते बोलून आले.

मग तशी सवयच लागली. दिवसातून पाचसहा वेळा मी बाहेर जाते, गटारावर उभी राहते, शाळेची व्हॅन, डास, वीज, योगेंद्रचा उशीर, सगळं तिथे टाकते आणि हलकी होऊन आत येते. गुलाबी घरातला माणूस त्याच्या बायकोला म्हणाला, घर विकलं पण बाई तीच आहे. योगेंद्रला घरात इतकी शांतता मिळते की तो अधूनमधून घाबरतो आणि मला विचारतो, तुला बरं नाही का. मधूनमधून शेलूहून काकांचा फोन यायचा. आवाज बारीक होत चालला होता. रेवा फोन ओढून घ्यायची आणि विचारायची, आजोबा कसे आहात. “मस्त,” ते म्हणायचे. आणि मी लगेच चप्पल घालायचे.

दिवाळी झाली. भात कापून झाला होता, रस्त्याने पेंढ्याच्या गाड्या जात होत्या आणि त्यांच्यातून पडलेल्या काड्या फाटकापर्यंत आल्या होत्या. मी खिडकीपाशी तांदूळ निवडत होते. वर बघितलं तर आनंदीबाई फरशीवर उभ्या.

मी आनंदाने हात केला. “काकी, या ना आत.”

त्या हलल्या नाहीत. आवाज खाली ठेवून म्हणाल्या, “फरशीवर ये.”

मी सूप तसंच ठेवून गेले. पायऱ्या उतरताना माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मनगटं मोकळी होती. हिरव्या बांगड्यांच्या जागी कातडी थोडी उजळ दिसत होती. बांगड्यांना घरातला शब्द आहे, साखरेला आहे, दिव्याला आहे. त्यांच्यापाशी जो निरोप होता त्याला नव्हता.

“परवा,” त्या म्हणाल्या. “सकाळी चहा मागितला, मी वळून बगितलं तर…” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

मी त्यांचा हात धरला. “फोन तरी करायचा काकी. इतक्या लांब कशाला आलात?”

“फोन केला असता तर तू घरात असतीस. तुजं तोंड सुटतं.” त्या किंचित हसल्या. “मनोज म्हनत हुता आता काय त्याचं. घर इकलं आपन. म्हनलं, आपन इकलं. घराला कुठं म्हाईत. त्याला वाटतंय ते शेलूला बरे हायेत. वाटूदे.”

मी पाणी तरी घ्या म्हणाले. आत या, बसा, पाच मिनिटं.

“नको. आज माज्याच्यानं तोंड सांभाळवनार नाय.”

आम्ही दोघी घराकडे पाठ करून उभ्या राहिलो. गुलाबी घरातला माणूस ओसरीवर आला होता. त्याने आम्हाला बघितलं, आत गेला आणि रेडिओ बंद झाला.

तेवढ्यात रेवा निळ्या दारातून धावत बाहेर आली आणि पायऱ्यांच्या टोकावर थांबली. तिला आजी दिसली होती. ती तिथूनच, दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडली, “आजी, आजोबा कसे आहेत?”

मी काही बोलायला तोंड उघडलं, पण आनंदीबाईंनी माझं मनगट दाबलं. त्या वळल्या. पदर नीट केला, मान वर केली, आणि ओसरीच्या पार, मधल्या खोलीच्या पार, अगदी मागच्या ओल आलेल्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

“मस्त हायेत.”

मग माझा हात सोडला. “येते गं,” म्हणाल्या आणि पेंढ्याच्या काड्यांवरून स्टेशनच्या दिशेने चालायला लागल्या. मागे वळून बघितलं नाही.

रेवा दारातून मला हाका मारत होती. मी तिला म्हटलं, आले. पण थोडा वेळ तिथेच थांबले. चेहरा घरात नेण्याजोगा होईपर्यंत.